फेरलढतीचं भाकीत कशावर करावं?

बॉक्सिंगमध्ये तेच दोघे दुसऱ्यांदा समोरासमोर येणार असले की भाकितं करणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, पहिल्यांदा ज्याने मारलं तोच पुन्हा मारेल. दुसऱ्याची खात्री असते की हरलेला या वेळी पेटून उठेल. दोघेही पहिल्या लढतीच्या निकालाकडे बघतात, आणि माझ्या मते गफलत तिथेच होते. कोण जिंकलं एवढंच निकाल सांगतो. दुसऱ्या लढतीसाठी उपयोगी पडते ती माहिती वेगळी: हरणारा कशामुळे हरला, ते कारण त्याच्या आवाक्यात दुरुस्त होण्यासारखं आहे का, आणि त्या दुरुस्तीची किंमत तो काय मोजणार आहे. हे तीन प्रश्न नीट सोडवले तर फेरलढतीचं भाकीत पहिल्या लढतीच्या भाकितापेक्षा पुष्कळ भरवशाचं होतं, कारण एरवी अंदाजाने धरावी लागणारी एक गोष्ट आता डोळ्यांनी बघितलेली असते. ती म्हणजे ही दोन माणसं एकमेकांसमोर नेमकी कशी वागतात.

या म्हणण्याची कसोटी घ्यायला फ्लॉइड पॅटरसनइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण. हा अमेरिकन हेवीवेट जगज्जेता चार वर्षांच्या आत दोन वेगवेगळ्या माणसांकडून दारुण हरला, दोघांशी पुन्हा लढला, आणि दोन फेरलढतींचे निकाल परस्परविरुद्ध लागले. माणूस एकच, त्याची शैली एकच, जिद्दही तीच. 26 जून 1959 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या राउंडमध्ये सात वेळा खाली पाडलं, तेव्हा पंचांनी लढत थांबवली. पुढच्या लढतीआधी जाणकारांच्या हाताशी एक ऐतिहासिक नियमही तयार होता: हेवीवेटचं जगज्जेतेपद एकदा गेलं की परत मिळत नाही. कॉर्बेट, जेफ्रीज, डेम्प्सी, जो लुईस, सगळ्यांनी प्रयत्न केले आणि सगळे हरले. सात वेळा जमिनीवर आलेला माणूस आणि साठेक वर्षांचा इतिहास असं दोन्ही बाजूंनी बघितलं, तर पॅटरसनवर कुणी पैसे का लावावेत?

पण तो तिसरा राउंड सुरू कसा झाला ते बघा. योहान्सनकडे एकच मोठं हत्यार होतं, उजवा हात. पहिले दोन राउंड त्याने तो जवळजवळ वापरलाच नाही. डाव्या हाताने हलके जॅब टाकत तो पॅटरसनला सवय लावत राहिला. पॅटरसन दोन्ही हात गालांशी धरून, खाली वाकून, उडी घेतल्यासारखा आत शिरायचा आणि शिरताना सरळ रेषेत यायचा. त्या रेषेवर उजवा ठोसा येऊ शकतो याची त्याला पुरेशी धास्ती नव्हती. पहिला ठोसा बसला आणि उरलेले सहा पाडाव त्या एकाच ठोशाची शेपूट होते: भान हरपलेला माणूस पुन्हा पुन्हा उठत होता आणि पुन्हा पुन्हा पडत होता. म्हणजे आकडा सात असला तरी कारण एकच, आणि तेही असं की ते माहीत झाल्यावर टाळता येतं. पॅटरसनचा वेग जास्त, डावा हूक जबर, वय कमी. 20 जून 1960 रोजी पोलो ग्राउंड्सवर त्याने काही पौंड वजन वाढवून, जास्त सावधपणे सुरुवात केली, उजव्या हाताला जागा दिली नाही आणि पाचव्या राउंडमध्ये डाव्या हूकने योहान्सनला असं पाडलं की तो बराच वेळ शुद्धीवर आला नाही. हेवीवेटचं जगज्जेतेपद परत मिळवणारा पॅटरसन पहिला माणूस ठरला. दुरुस्ती परिपूर्ण नव्हती, हेही सांगायला हवं. मार्च 1961 मधल्या तिसऱ्या लढतीत योहान्सनने पहिल्याच राउंडमध्ये त्याला दोनदा पाडलं, मग पॅटरसन सहाव्यात जिंकला. भोक बुजलं नव्हतं, फक्त लहान झालं होतं, तेवढं पुरलं.

आता सनी लिस्टन. 25 सप्टेंबर 1962, शिकागो: पॅटरसन पहिल्या राउंडमध्ये 2 मिनिटं 6 सेकंदांत बाद. या वेळी पाडाव सात नव्हते, एकच होता. नुसता हिशेब मांडला तर योहान्सनकडून झालेला पराभव जास्त भीषण दिसतो. तरी फेरलढतीची आशा या वेळी कितीतरी कमी होती, कारण इथे दुरुस्त करण्याजोगं काही सापडत नव्हतं. दोघांची उंची जवळपास सारखी असली तरी लिस्टनच्या हातांचा पल्ला 84 इंच, पॅटरसनचा 71. वजन 214 पौंड विरुद्ध 189. लांब उभं राहावं तर लिस्टनचा डावा जॅब, जो इतरांच्या उजव्या ठोशासारखा लागायचा. तो चुकवून आत शिरावं तर तिथे पंचवीस पौंड जास्त वजनाचा माणूस एका हाताने धरून दुसऱ्याने मारायला मोकळा. पॅटरसनची सगळी शैली आत शिरण्यावर उभी होती, म्हणजे त्याला जिंकण्यासाठी जिथे जायला हवं तिथेच लिस्टन सर्वांत धोकादायक होता. पॅटरसनचा मॅनेजर कस डमाटो याला ही लढत मुळातच नको होती, आणि इतक्या जवळच्या माणसाचं मत भाकीत करणाऱ्याने हलक्यात घेऊ नये. 22 जुलै 1963 रोजी लास वेगासमध्ये फेरलढत झाली. वेळ 2 मिनिटं 10 सेकंद. दहा महिन्यांच्या तयारीने पॅटरसनला चार सेकंद मिळाले. चूक सुधारता येते, हाताची लांबी वाढवता येत नाही.

दुरुस्ती म्हणजे दोष समूळ नाहीसा होणं, असं मात्र समजू नये. बॉक्सिंगमधली सर्वांत गाजलेली फेरलढत याचाच पुरावा आहे. 19 जून 1936 रोजी यांकी स्टेडियममध्ये जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने तोवर अपराजित असलेल्या जो लुईसला बाराव्या राउंडमध्ये बाद केलं. लुईस 22 वर्षांचा, श्मेलिंग 30 वर्षांचा माजी जगज्जेता, आणि सट्टेबाजारात त्याला कुणी विचारत नव्हतं. श्मेलिंगने आधी लुईसला प्रत्यक्ष लढताना बघितलं होतं, त्याच्या लढतींच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहिल्या होत्या, आणि त्याला एक गोष्ट दिसली होती. जॅब मारताना हात ज्या रेषेत पुढे जातो त्याच रेषेत तो परत गालाशी यायला हवा. लुईसचा डावा हात परतताना खाली यायचा, छातीच्या उंचीवर. तेवढ्या क्षणभरात त्याच्या जबड्याची डावी बाजू उघडी पडायची, आणि समोरच्याचा उजवा ठोसा त्या खाली उतरणाऱ्या हाताच्या वरून थेट जाऊ शकायचा. श्मेलिंग मागे झुकून जॅबची वाट बघत राहिला आणि प्रत्येक जॅबमागे उजवा सोडत राहिला. चौथ्या राउंडमध्ये लुईस पडला. पुढचे आठ राउंड तो त्याच ठोशाने मार खात होता.

दोन वर्षांनी, 22 जून 1938 रोजी, त्याच मैदानात फेरलढत ठरली तेव्हा श्मेलिंगच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद करता आला असता. लुईसचं ते भोक खरंच बुजलं होतं का? बरोबर एक वर्ष आधी जेम्स ब्रॅडॉककडून जगज्जेतेपद घेताना लुईस पहिल्याच राउंडमध्ये खाली पडला होता. तो आठव्यात जिंकला, पण उजव्या हाताने त्याला पाडता येतं हे पुन्हा दिसलं होतं. मला वाटतं, या लढतीचं रहस्य इथेच आहे. लुईस आणि त्याचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न यांनी तो दोष झाकण्यावर सगळी भिस्त ठेवली नाही. त्यांनी श्मेलिंगची ती चाल जिच्यावर उभी होती तो आधारच काढून घेतला. श्मेलिंगला काय हवं होतं? अंतर, वेळ, आणि लांबून जॅब टाकणारा प्रतिस्पर्धी. लुईसने घंटा होताच त्याला दोरांकडे ढकललं आणि जवळून, दोन्ही हातांनी मारायला सुरुवात केली. वाट बघायला उसंतच नाही म्हटल्यावर वाट बघून मारण्याची कला काय कामाची? बरगड्यांच्या बाजूने एक ठोसा असा बसला की श्मेलिंग ओरडला. तो तीनदा पडला, त्याच्या कोपऱ्यातून माक्स माखोनने टॉवेल फेकला, पंच आर्थर डोनोव्हन यांनी तो परत भिरकावला आणि मग स्वतःच लढत थांबवली. 2 मिनिटं 4 सेकंद. सत्तर हजारांवर प्रेक्षक होते आणि त्यातल्या अनेकांना नीट बसायलाही वेळ मिळाला नसेल. नाझी जर्मनी विरुद्ध कृष्णवर्णीय अमेरिकन असा या लढतीचा जो अर्थ तेव्हा लावला गेला तो इतिहासाच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि श्मेलिंगवर त्यात अन्यायही झाला, कारण दबाव असतानाही त्याने आपला ज्यू मॅनेजर सोडला नव्हता. रिंगमधला निकाल मात्र हातांनी आणि पायांनी ठरवला.

पराभवाचं कारण तंत्रात नसून तयारीत असलं तर काम आणखी सोपं होतं. 22 एप्रिल 2001 रोजी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ हसीम रहमानने लेनॉक्स लुईसला पाचव्या राउंडमध्ये एका उजव्या ठोशाने बाद केलं. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच. विरळ हवेत दम लवकर लागतो. रहमान बराच आधी तिथे जाऊन राहिला होता. लुईस मात्र लास वेगासमध्ये ‘ओशन्स इलेव्हन’ या चित्रपटातल्या छोट्या भूमिकेचं चित्रीकरण करून उशिरा पोहोचला, तोही 253.5 पौंड वजनाने. सात महिन्यांनी लास वेगासमधल्या फेरलढतीत त्याचं वजन 246.5 भरलं आणि चौथ्या राउंडमध्ये रहमान संपला. रॉबर्टो दुरान आणि शुगर रे लेनर्ड यांच्यात हेच उलट्या बाजूने घडलं. जून 1980 मध्ये माँट्रियलला दुरान जिंकला तो लेनर्डने त्याच्या पद्धतीने, समोर उभं राहून लढायचा हट्ट धरला म्हणून. तरीही तीनही जजच्या कार्डांवर फरक एकदोन गुणांचाच होता. पाचच महिन्यांत फेरलढत ठेवली गेली. मधल्या काळात जल्लोषात बरंच वजन वाढवून बसलेल्या दुरानला ते घाईने उतरवावं लागलं, आणि लेनर्ड या वेळी पायांवर फिरत राहिला. न्यू ऑर्लीन्सला आठव्या राउंडमध्ये दुरानने पाठ फिरवली आणि पुढे लढायला नकार दिला. त्या नकाराच्या मानसशास्त्रावर ढीगभर लिहिलं गेलंय. मला त्याआधीची दोन कारणं पुरेशी वाटतात: हरलेल्याची चूक त्याच्या स्वतःच्या निर्णयातली होती, म्हणून ती एका दिवसात सुधारण्यासारखी होती; आणि जिंकलेल्याच्या शरीराला सावरायला वेळ मिळाला नव्हता.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, जी रंगतदार पूर्वावलोकनांत सहसा येत नाही. फेरलढती सरसकट होत नाहीत, निवडक होतात. बलाढ्य जगज्जेत्याच्या करारात बहुधा असं कलम असतं की तो हरला तर त्याला पुन्हा संधी मिळेल. रहमानला लेनॉक्स लुईसशी पुन्हा लढायला लावण्यासाठी तर लुईसला अमेरिकेत न्यायालयात जावं लागलं होतं. म्हणजे धक्कादायक निकालानंतरच्या फेरलढती जास्त होतात, आणि धक्कादायक निकाल याचा अर्थच असा की लढतीआधी सगळ्यांनी हरलेल्याला सरस मानलं होतं. ते आधीचं मत एका रात्रीत खोटं ठरत नाही. वर्षानुवर्षांच्या लढती बघून बनलेला अंदाज एका बाजूला आणि एक संध्याकाळ दुसऱ्या बाजूला, दोन्ही तोलून बघायला हवं. जून 2019 मध्ये अँडी रुईझने, ऐनवेळी बदली म्हणून येऊन, अँथनी जोशुआला चारदा पाडून सातव्या राउंडमध्ये हरवलं तेव्हा अनेकांनी जोशुआची हवा संपली असं जाहीर केलं. पण त्या लढतीत तिसऱ्या राउंडमध्ये आधी रुईझ पडला होता, आणि त्याला संपवायला घाईने धावलेल्या जोशुआने जवळच्या मारामारीत रुईझच्या चपळ हातांपुढे डोकं दिलं. डिसेंबरच्या फेरलढतीआधी वजनकाट्यावर रुईझ 268 वरून 283.5 पौंडांवर गेला होता, जोशुआ दहा पौंड हलका झाला होता. जोशुआ बारा राउंड लांबून जॅब टाकत राहिला आणि जवळ आलाच नाही. 118-110, 118-110, 119-109. लोकांना लढत कंटाळवाणी वाटली. दुरुस्तीची किंमत ती होती.

यावर पहिला रास्त आक्षेप असा की जिंकणाराही हातावर हात ठेवून बसत नाही. खरं आहे, आणि भाकीत करणाऱ्याने सर्वांत जास्त सावध राहायचं ते इथे. सप्टेंबर 2021 मध्ये लंडनमध्ये ओलेक्सांद्र उसिककडून हरल्यावर जोशुआने प्रशिक्षक बदलला आणि ऑगस्ट 2022 मध्ये जेद्दाला तो स्पष्टपणे चांगला लढला: शरीरावर मारा केला, नवव्या राउंडमध्ये उसिकला अडचणीत आणलं. दहाव्यात उसिकने वेग आणखी वाढवला आणि लढत फिरवली. हरलेला सुधारला, तरी हरला, कारण समोरच्याकडे अजून शिल्लक होतं. टायसन फ्युरी तर डिसेंबर 2018 मधल्या बरोबरीनंतर, जी पुष्कळांच्या मते त्याने जिंकलेली होती, स्वतःच बदलला. त्या लढतीत तो पळत राहून गुण मिळवत असताना डिऑन्टे वाइल्डरने त्याला दोनदा पाडलं होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये तो 273 पौंडांचा होऊन आला आणि वाइल्डरवर चालून गेला, कारण वाइल्डरच्या उजव्या हाताला मागे जायला जागा लागते. सातव्या राउंडमध्ये वाइल्डरच्या कोपऱ्याने टॉवेल फेकला. म्हणून कारण शोधताना दोघांचंही शोधायचं: हरलेला कशाने हरला, आणि जिंकलेला कशामुळे थोडक्यात बचावला.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. निकाल लागल्यावर कुठलंही कारण चिकटवता येतं. हे सगळं पश्चातबुद्धीचं शहाणपण कशावरून नाही? याला उत्तर एकच: जो पुरावा घ्यायचा तो फेरलढतीच्या घंटेआधी उपलब्ध असला पाहिजे. उसिक आणि फ्युरी यांची जोडी घ्या. 18 मे 2024 रोजी रियाधमध्ये उसिक विभागलेल्या निर्णयाने जिंकला: दोन कार्डं 115-112 आणि 114-113 अशी त्याच्या बाजूने, एक 114-113 फ्युरीच्या बाजूने. मधल्या राउंड्समध्ये फ्युरीचे अपरकट आणि पोटावरचे ठोसे चालले होते, मग आठव्यापासून चित्र पालटलं आणि नवव्यात पंचांनी फ्युरीला उभ्याने मोजलं. फ्युरीच्या समर्थकांचं म्हणणं होतं की एक वाईट राउंड टाळला की काम झालं. कार्डांच्या बेरजेत ते बरोबर होतं. कारणाच्या दृष्टीने मात्र तो राउंड अपघात नव्हता. जोशुआविरुद्धच्या दोन्ही लढतींतही उसिक उत्तरार्धात वरचढ ठरला होता. त्याचे पाय शेवटपर्यंत थांबत नाहीत आणि मोठ्या शरीराचा माणूस त्याच्याबरोबर वळता वळता थकतो. डिसेंबरच्या फेरलढतीसाठी फ्युरी 281 पौंडांवर आला, पहिल्यापेक्षा जवळपास वीस पौंड जास्त. पाय थकवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे पायांवरचं ओझं वाढवणं ही दुरुस्ती कशी? त्यावरून उसिक या वेळी जास्त फरकाने, गुणांवर जिंकेल असं म्हणता येत होतं. 21 डिसेंबर 2024 रोजी तीनही जजनी 116-112 असा आकडा दिला. एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही, पण यातला प्रत्येक धागा लढतीआधी सर्वांसमोर होता.

उरतो तो जजचा प्रश्न, आणि तिथे माझी पद्धत लंगडी पडते हे मान्य करायला हवं. 16 सप्टेंबर 2017 रोजी कानेलो अल्वारेझ आणि गेनादी गोलोव्हकिन यांची लढत बरोबरीत सुटली तेव्हा एका जजने कानेलोला 118-110 दिले होते, जे बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना पटलं. अशा ठिकाणी रिंगमधली कारणं कितीही अचूक शोधली तरी कार्डावर काय उमटेल ते सांगता येत नाही. पण याचाही एक अंदाज बांधता येतो: पहिल्यांदा दोरांना पाठ लावून लढलेला कानेलो मागे सरकत होता, आणि जजच्या डोळ्यांना मागे सरकणारा माणूस हरणारा वाटतो. 2018 च्या फेरलढतीत त्याने रिंगचा मध्य पकडला आणि गोलोव्हकिनला मागे सरकायला लावलं. एक कार्ड 114-114, दोन कार्डं 115-113 कानेलोच्या बाजूने. गोलोव्हकिनच जिंकला असं मानणारे आजही बरेच आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून फरक एकदोन राउंडचा असेल तिथे नाव सांगताना शंभरात पंचावन्नपेक्षा जास्त खात्री दाखवू नये. लिस्टन आणि पॅटरसन असतील तिथे नव्वदच्या वर जायला हरकत नव्हती.